कैतान जागचा हलत नाही

वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उतरताना माझं दुकान.
मिक्सर येतात, इस्त्र्या येतात,
होडीवरचे वायरलेस येतात समुद्र पिऊन,
आणि आज, लुंगीत गुंडाळून
सुरमई आणावी तशी काखेत मारून
कैतान रॉड्रिग्जची लाल गिटार.

"बोलताच नाय गो.
वायर अशी वाकडी धरलंय तर बोलता,
सोडलंय काय खरखर, मगे गप."
रात्री उभादांड्याला लग्न.
घड्याळात पाच.

गिटारच्या अंगावर होडीच्या आकाराची पट्टी,
होडीच्या तळाला भोक, भोकात जॅक,
आणि त्याचा नट
नुसत्या बोटाने फिरणारा.
"किती वेळा आवळलंस?"
"दर कार्यक्रमाक."
"बाहेरून?"
"मगे खयसून आवळतत?"

तिथेच तर.
बाहेरून नट फिरवला की आतला जॅकही फिरतो,
मुकाट, त्याच दिशेने,
आणि त्याच्या पाठीच्या दोन वायरी
सुंभासारख्या पीळ घेत जातात.
आपल्याला वाटतं, घट्ट झालं.

एक स्क्रू सहज आला.
दुसऱ्याला शिवणयंत्राचं तेल पाजून
चहा होईपर्यंत वाट बघितली.
पट्टी उलटी केली तर हिरवागार कळंक.
आमच्या हवेला पितळ दिसलं की राहवत नाही.
काळी वायर एका तारेवर लोंबत होती,
आणि जॅकची जीभ,
जी वायरच्या टोकाला टेकायची,
ती मऊ पडून मागे सरलेली.
चिमट्याने पुढे ओढली, तांदळाच्या कणीएवढी.
जास्त ओढली तर मोडते,
एक मोडलीय माझ्या हातून, कुणाची ते सांगत नाही.

पॉलिशपेपर. राळेचा धूर. कथलाचा थेंब.
थेंब थिजेपर्यंत हलायचं नाही,
मी श्वासही धरते, गरज नसते तरी.
दातेरी वॉशर मुळात नव्हताच.
तीन डबे उपसल्यावर सापडला एक,
चिंतामण तांडेलाच्या बुडालेल्या सेटमधला,
न गंजलेला.
मग जॅक आतून पक्कडीत धरला,
बाहेरून पाना. पाव फेरा. अजून जरासा.
"बघ, आतलं धरून ठेवायचं आणि मग आवळायचं."
तो बघत नव्हता,
त्याची बोटं माझ्या काउंटरवर रात्रीची गाणी मोजत होती.
"पैशे फाल्या देतंय. नायतर बांगडे."

दोन वर्षं या माणसाला मी मांडवामांडवातून बघतेय:
उजवा खांदा पाडलेला, मांडी गिटारला दाबलेली,
इतरांनी नाचावं, त्याने खांबासारखं उभं राहावं.
पोरी म्हणायच्या, त्येची स्टाईल आसा.
माझा भाचा आरशासमोर तसाच उभा राहतो, झाडू घेऊन.
कसली स्टाईल,
वायर सांभाळत होता बिचारा.

रात्री गेले. आमंत्रण होतं, पण खरं तर
डाग धरतोय का ते ऐकायला.
आवाज स्वच्छ निघाला,
माडांच्या पलीकडे कुत्री उठली.
कैतान मात्र तसाच. खांदा पाडून. मांडी दाबून.
पहिलं गाणं. दुसरं.
वाटलं, जाऊन सांगावं,
सोड रे आता, ती नाही सुटत.
पण भर मांडवात कुणाला हे कसं सांगतात?
सोरपोतेल खात उभी राहिले.

तिसऱ्या गाण्यात ड्रमवाल्या फ्रँकूचं काहीतरी चुकलं,
कैतान हसून त्याच्याकडे वळला,
अख्खा वळला, आमच्याकडे पाठ,
आणि मध्येच थबकला.
मान खाली घालून वायरीकडे बघितलं.
वायर होती तिथेच.
पायाने एक चप्पल काढली त्याने, बाजूला सारली,
मग दुसरी.

बांगडे अजून आलेले नाहीत.